दाखवतंय-काका

प्रत्येक सोसायटीत एक चेअरमन असतो, एक थकबाकीदार असतो आणि एक दाखवतंय-काका असतात. पहिल्या दोघांना निदान बदलता येतं. तुम्ही पावसात चिंब भिजून जिन्यात शिरता, तर काका समोर उभे. "पाऊस आहे का हो?" तुमच्या छत्रीचं पाणी त्यांच्याच चपलेवर ठिबकत असतं. काका फोनवर बोट फिरवतात. "छे! संध्याकाळपर्यंत नाही दाखवत," असं म्हणून छत्री न घेता निघतात.

अशा माणसाला बावळट म्हणावं, तर तीही सोय नाही. मंडईत त्यांच्याबरोबर एकदा जाऊन बघा. मेथीच्या जुडीचा दोरा सोडून आतली पिवळी पानं बाईंच्या पुढ्यात ठेवतील, वाकून काटा शून्यावर आहे ना ते तपासतील, नारळ कानाशी धरून हलवतील. गॅसवाल्या पोराचं ओळखपत्र ते दोन्ही बाजूंनी वाचतात. दूधवाल्यावर विश्वास नाही, वॉचमनवर नाही, व्याह्यांवर तर मुळीच नाही. विश्वास एकाच माणसावर: ज्याला जन्मात पाहिलेलं नाही आणि ज्यानं मजकुराखाली नुसतं 'एक डॉक्टर' असं लिहिलंय.

हे खूळ फोननं लावलं असंही नाही. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा ऐन तिशीतले काका ऑफिसला दांडी मारून वाटी-चमचा घेऊन उभे होते. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून खाली ओघळतं, असा खुलासा शास्त्रज्ञांनी केला. काका म्हणाले, "ते सामान्य दुधाचं झालं." फरक एवढाच, की तेव्हा अफवेसाठी रांग लावावी लागे. आता ती घरपोच येते.

नोव्हेंबर 2016 मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याची बातमी त्यांच्या फोनवर आली. काकांनी नोट देवघरातल्या समईपुढे धरून चिप शोधली. सापडली नाही, तेव्हा "तंत्रज्ञान किती पुढं गेलंय बघा" म्हणाले. 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं ती नोट मागे घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी निदान केलं, "बॅटरी उतरली असणार." मध्यंतरी 2018 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. काका न चिडता पाच-पाचचे वाटे घालू लागले.

कळस झाला अनंत चतुर्दशीला. त्या दिवशी कोथरूडहून पेठेत गाडी घालू नये, हे पुण्यातलं शेंबडं पोरही सांगेल. काकू सकाळपासून तेच सांगत होत्या. पण नारायण पेठेत मेहुण्यांकडे जेवण होतं आणि फोन म्हणत होता, अठरा मिनिटं. डेक्कनला बॅरिकेड आडवे. नदीपलीकडून ढोल इतके घुमत होते, की गाडीची काच थरथरत होती.

"काका, गाडी मागं घ्या. मिरवणूक आहे," हवालदार म्हणाला.

"पण इथं रस्ता मोकळा दाखवतंय."

"अहो, कान आहेत ना?"

काकांनी फोन त्याच्या नाकासमोर धरला. "ही निळी रेघ बघा. तुम्हाला तिच्याहून जास्त कळतं का?" हवालदारानं निळी रेघ बघितली, काकूंकडे बघितलं आणि सहानुभूतीनं मान हलवली. काकू उतरल्या, चालत पूल ओलांडून भावाकडे गेल्या आणि वेळेत जेवल्या. काका मात्र गल्लीबोळ धुंडाळत, प्रत्येक वळणावर नवी रेघ पकडत, संध्याकाळी उपाशी घरी पोचले.

तेवढ्यात फोननं अदबीनं विचारलं, प्रवास कसा झाला? काकांनी पाचच्या पाच तारे दिले. मग चष्मा पुसून त्या हवालदाराविरुद्ध सविस्तर तक्रार लिहायला बसले.