नटाचं डावं

आमच्या कॉलेजात एकांकिका बसत होती. माझ्या वाट्याला हवालदार आला आणि हवालदाराच्या वाट्याला एक वाक्य : "साहेब, गाडी आलीये." एवढ्या भांडवलावर मी घरी स्वतःला नट म्हणवून घेत होतो.

खरं तर 'बसवणे' या शब्दालाच मी दचकायला हवं होतं. मराठीत नाटक आधी बसवतात, मग ते उभं राहतं, नशीब असेल तर चालतं, नाहीतर पडतं. माझ्या पुतण्याने हे सगळं वर्षाच्या आत केलं होतं, पण त्याच्यापुढे परीक्षक बसलेले नव्हते.

पहिल्याच तालमीत दिग्दर्शक ओरडला, "हवालदार, डाऊन ये!" मी मांडी घातली. डाऊन म्हणजे प्रेक्षकांकडे आणि अप म्हणजे मागच्या पडद्याकडे, हे नंतर कळलं. युरोपातल्या जुन्या रंगमंचांचा तळ मागे उंच आणि पुढे उतरता असे, म्हणून हे शब्द. आमचा मंच कॅरमबोर्डासारखा सपाट. पण उतार गेला तरी उताराचे शब्द राहिले, आणि त्यांवरून घसरायला मी होतोच.

डाव्या-उजव्याची तर तऱ्हाच वेगळी. प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या नटाचं जे डावं, तेच रंगमंचाचं डावं. आता दिग्दर्शक बसलेला समोर. त्यामुळे तो स्वतःचा उजवा हात झाडत "डावीकडे, डावीकडे!" म्हणायचा. त्याच्या हाताचं ऐकावं की तोंडाचं, या विचारात मी मध्येच उभा राहायचो. त्याला तो "छान पॉज" म्हणाला, ही त्या महिन्यातली माझी एकमेव स्तुती.

"ओपन हो" म्हटल्यावर मी गणवेशाचं वरचं बटण काढलं. (चेहरा प्रेक्षकांना दिसेल असं वळायचं असतं.) "लाइट घे" म्हटल्यावर स्विचबोर्डाकडे निघालो. मुरलेला नट प्रकाश डोळ्यांनी शोधत नाही. गालावर ऊब लागली की थांबतो. मला ऊब लागायची ती दिग्दर्शकाच्या नजरेची.

मग एक सर आले आणि अभिनयाचे चार प्रकार सांगून गेले. भरतमुनींचे : आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. शेवटचा आपल्याला जमेल असं वाटून मी वडापाव मागवला. आहार्य म्हणजे वेषभूषा-रंगभूषा, हे तो संपल्यावर समजलं. खाण्याचा संबंध नाटकात वेगळ्याच ठिकाणी येतो. हशा ओसरायच्या आत बोललं की आपलं वाक्य हशाच खाऊन टाकतो. फार थांबलं तर ते गार होतं. नेमकं कधी बोलायचं, हे कुठल्याही पुस्तकातून येत नाही. ते प्रयोगातच शिकावं लागतं.

प्रयोगाच्या दिवशी नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला, तिसरी घंटा वाजली. मी वेळेवर एंट्री घेतली. डाऊन आलो. ओपन झालो. लाइट घेतला, गालाला अगदी स्वच्छ ऊब लागली. सगळं चोख. फक्त वाक्य आठवेना.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पात्रांना भाषणं लिहून दिलेली नसत; सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं प्रसंग पाहून आपल्या मनाचं बोलायची. मी त्या परंपरेतला नट. शतक तेवढं चुकलं.

विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजला, "साहेब, गाडी आलीये." मी साहेबांकडे पाहिलं. तो जरा मोठ्याने म्हणाला. मी आणखी ओपन झालो. शेवटी तो इतक्या कळकळीने ओरडला की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, आणि साहेब माझ्याकडे न बघता विंगेला म्हणाले, "आलो." प्रयोगातला सगळ्यात मोठा हशा तो. त्या हशात पुढची तीन वाक्यं बुडाली.

पुढच्या वर्षी मला पडदा ओढायला दिला. त्याची दोरी डावीकडच्या विंगेत होती. नटाच्या डावीकडच्या.