भिंतीपलीकडच्या एसीची कुंडली

आमच्याकडे कुंपण नाही, भिंत आहे. सिंडर ब्लॉकची, सहा फुटी, शिळ्या चहाच्या रंगाची. लास व्हेगसमध्ये दोन परसांच्या मध्ये बहुतेक हीच असते, त्यामुळे शेजाऱ्याशी बोलायचं तर आधी उंची कमवावी लागते. माझ्याकडे रंगाची रिकामी बादली आहे, ती उपडी घालून मी उभा राहतो. पलीकडे काकूंचं प्लास्टिकचं स्टूल. वेळ ठरलेली, सकाळी साडेपाच ते साडेसहा. जुलैत त्यानंतर भिंतीवर कोपर टेकवायची सोय नाही, भाजतं.

काकू नागपूरच्या, धंतोलीच्या. इथे येऊन बावीस वर्षं झाली, पण बोलणं धंतोलीतच राहिलंय. मी ठाण्याचा. हे घर घेऊन आता दोन वर्षं होतील.

"भाऊ, कोपऱ्यावरच्या घराचं ऐकलं का?"

"विकलं ना ते?"

"कुठचं विकतं! अडकलं नं. एसीपायी."

मी बादलीवर नीट उभा राहिलो.

"इथे घर विकताना मालकाला एक फॉर्म भरून द्यावा लागतो," काकू म्हणाल्या. "नेवाडाचा कायदाच आहे तसा. काय गळतंय, काय मोडलंय, सगळं लिहायचं. त्यात एक प्रश्न असतो, लागत असतानाही परमिट न घेता काही काम केलंय का? यानं लिहिलं, नाही. आता घर २००१ चं. काउंटीच्या दप्तरात त्या पत्त्यावर परमिटं किती? एक. घर बांधल्याचं. आणि मागच्या अंगणात एसी पाहा, कोरा करकरीत! घेणाऱ्या पोरीनं दोन्ही समोर ठेवलं आणि विचारलं, हा काय आभाळातून पडला?"

"तिला बरं सुचलं काउंटीचं दप्तर बघायचं."

"सुचलं कसचं. मीच सांगितलं. घर बघायला आली होती, मला विचारते, शेजार कसा आहे. म्हटलं, शेजार चांगला आहे बाई, पण तू पत्ता टाकून पाहा."

हे काकूंचं व्यसन. परमिटांची नोंद इथे सगळ्यांना खुली असते. पत्ता घातला की कुणी कधी काय बांधलं, बदललं, इन्स्पेक्टर कधी आला, पास केलं की परत पाठवलं, सगळं दिसतं. लोक रात्री झोप येईना म्हणून मालिका बघतात, काकू शेजाऱ्यांची परमिटं वाचतात. गल्लीतल्या प्रत्येक घराची कुंडली त्यांच्याकडे तयार असते आणि कुठल्या स्थानी कुठला ग्रह वक्री आहे तेही.

मी आलो तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात फर्नेस बदलायची वेळ आली. हो, वाळवंटात फर्नेस. जानेवारीतल्या पहाटे इथे ४ अंशांपर्यंत उतरतं, गोधडीवर भागत नाही. पत्त्यात लास व्हेगस लिहिलेलं, म्हणून मी सरळ लास व्हेगस शहराकडे परमिट शोधायला गेलो. तिथे माझा पत्ताच निघेना. काकूंना सांगितलं तर त्या स्टुलावरून पडायच्या बाकी राहिल्या.

"भाऊ, तुम्ही व्हेगसमध्ये राहतच नाही!"

खरंच नाही. आमची वस्ती स्प्रिंग व्हॅली, म्हणजे क्लार्क काउंटीतलं शहरपालिका नसलेलं गाव. पत्र येतं लास व्हेगसच्या नावानं, परमिट मिळतं काउंटीकडून. मोठी मौज अशी की जगप्रसिद्ध स्ट्रिपचा बहुतेक भागही शहरात नाही. तो पॅराडाइज नावाच्या गावात येतो. शहरानं आपल्याला पोटात घेऊन कर लावू नये, म्हणून १९५० साली कॅसिनोवाल्यांनी काउंटीकडून ते गाव करून घेतलं. हेंडरसन वेगळं, नॉर्थ लास व्हेगस वेगळं. रस्ता ओलांडला की परमिटाचं ऑफिस बदलतं. ठाण्याला राहून मुंबईकर म्हणवणारा मी, मला यात नवल वाटायला नको होतं.

"पण कोपऱ्यावरच्यानं परमिट घेतलं का नाही? फी काही फार नसते."

"फी नाही हो, माणूस. त्याचा जुना एसी आर-२२ गॅसवर चालत होता. तो गॅस नवा करणं आणि बाहेरून आणणं २०२० च्या १ जानेवारीपासून बंद. जुना साठा उरलाय त्याला सोन्याचा भाव. गळायला लागल्यावर कोणी तरी ओळखीतला धरून आणला. अर्ध्या पैशात बसवतो म्हणाला, रोख द्या, परमिटाला महिना लागतो, तोवर पोरं उकडून मरतील. आणि बसवलं काय? पाच टनी! घर साडेतीन टनाचं."

या टनाचं मला नेहमी हसू येतं. यंत्राच्या वजनाशी त्याचा संबंध नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खेचणारं यंत्र म्हणजे एक टनी. पण ऐकणाऱ्याला वाटतं, जितके टन जास्त तितका माल जास्त. प्रत्यक्षात डक्ट साडेतीन टनाच्या हवेचे असले तर पाच टनी यंत्राला पुरेशी हवाच मिळत नाही. ते घरघरतं, लगेच बंद पडतं, पुन्हा सुरू होतं आणि कॉम्प्रेसर लवकर खलास. किती टन हवेत ते खिडक्या कुठल्या दिशेला, काचा कशा, माळ्यावर इन्सुलेशन किती, हे मोजून काढायचं असतं. जुन्या यंत्रावरचा आकडा बघून त्यात दीड मिसळायचा नसतो.

"त्या माणसाकडे लायसन्स तरी होतं?"

"सी-२१? छे! नेवाडात एसीच्या कामाला सी-२१ लागतं. हजार डॉलरच्या आतली किरकोळ कामं बिनलायसन्सवाला करू शकतो, पण एसी, वीज, नळ हे त्यातही बसत नाही. गॅसला हात लावायला केंद्राचं सर्टिफिकेट वेगळं. आणि लबाडी पाहा, याला म्हणे, तुम्हाला परमिट पाहिजेच असेल तर तुमच्या नावावर काढा. घरमालक स्वतःच काम करतो म्हणून. बिनलायसन्सवाल्याला परमिट मिळतच नाही नं, म्हणून तो तुम्हाला पुढे करून राहिला."

हे मात्र मी ठाण्यातही ऐकलंय, फक्त तिथे परमिटाऐवजी 'सोसायटीला तुम्ही सांगा' असं असतं.

"पण काकू, महिन्याचं म्हणाल तर ते खरं असेल ना? जुलैत कोण थांबेल?"

इथे काकूंनी स्टूल बदललं. म्हणजे लहान काढून मोठं आणलं. विषय त्यांचा होता.

"ऐका. २०२४ चा ७ जुलै. रविवार."

ही तारीख इथे कोणीही विसरणार नाही. त्या दिवशी विमानतळावरच्या वेधशाळेत १२० फॅरनहाइट नोंदलं गेलं, जवळजवळ ४९ सेल्सिअस. आधीचा विक्रम ११७ चा. आणि ते एका दिवसापुरतं नव्हतं, ६ ते १२ तारखेपर्यंत सलग सात दिवस ११५ किंवा त्याहून वर.

"नागपूरला २०१३ च्या मेमध्ये ४७.९ झालं होतं. आम्ही मिरवायचो," काकू म्हणाल्या. "तेही मागे पडलं. मधे एकदा नागपुरात एका यंत्रानं ५६ दाखवलं तेव्हा भाऊजींचा फोन, आता आम्ही तुमच्या पुढे! मग हवामान खात्यानं सांगितलं, यंत्रच बिघडलं होतं."

तर त्या रविवारी दुपारी काकूंचा एसी बंद पडला. काकांना रक्तदाबाचा त्रास. संध्याकाळी सातला घरात ९६. काकूंनी नागपुरी बुद्धीनं ओल्या चादरी खिडक्यांना बांधल्या. कोरड्या हवेत त्या थोडा वेळ उपयोगी पडतात, कूलरमागचं शास्त्र तेच. इथेही जुन्या घरांच्या छपरांवर कूलर दिसतात, त्याला हे लोक स्वॅम्प कूलर म्हणतात, दलदलीचा कूलर. वाळ्याच्या ताट्यांच्या वासाला असलं नाव देणारा माणूस किती कोरडा असेल! मे-जूनमध्ये तो छान चालतो. जुलैत इथलाही पावसाळी ओलावा आला की नुसती चिकचिक. शिवाय इथे पाण्याचा हिशेब वेगळा आहे. घरातलं मोरीतून गेलेलं पाणी शुद्ध करून परत लेक मीड जलाशयात सोडतात, हवेत उडालेलं मात्र गेलंच. म्हणून नव्या व्यापारी इमारतींना तर असं पाण्यानं थंड करणं आता बंदच केलंय.

"मी लायसन्सवाल्याला फोन केला. सोमवारी सकाळी सहाला आला, दुपारी यंत्र चालू. आणि परमिट? त्याच दिवशी अर्ज टाकला. नियमातच आहे तसं भाऊ! आणीबाणीत यंत्र बदलावं लागलं तर आधी बदला, पण कामाच्या पुढच्या दिवशी अर्ज यायला पाहिजे. त्या कोपऱ्यावरच्याला हे कोणी सांगितलं नाही. महिन्याची भीती घालून लुबाडलं."

"मग इन्स्पेक्टर आला?"

"आला नं. आणि नापास केलं!"

हे सांगताना काकूंच्या चेहऱ्यावर अभिमान होता. जणू नापास होणं ही घराण्याची परंपरा.

इन्स्पेक्टर आधी मागच्या अंगणात गेला, कंडेन्सरजवळचा बंद करायचा स्विच यंत्रापासून दिसतो का पाहिलं. मग माळ्यावर. जुलैतला इथला माळा म्हणजे भट्टी. तिथेही यंत्रापर्यंत जायला दोन फूट रुंद फळ्या आहेत का, दिवा लागतो का, हे तो बघून आला. घाम पुसत खाली उतरला आणि काकूंना बाहेर नेऊन खिडकीच्या वर भिंतीतून निघालेली एक नळी दाखवली. यंत्रातलं पाणी वाहून नेणारी मुख्य नळी तुंबली की या दुसरीतून गळतं. मुद्दाम खिडकीच्या वर, डोळ्यांसमोर काढलेली, म्हणजे टपटप दिसली की माणूस जागा होईल.

"तेव्हापासून मी सगळ्यांच्या नळ्या बघते," काकू म्हणाल्या. "समोरच्याची दोन आठवडे गळून राहिली. सांगितलं तर म्हणतो, झाडाला पाणी मिळतंय."

गॅसची फर्नेस होती म्हणून त्यानं कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का विचारलं. होता, पण त्यातली बॅटरी काकांनी रिमोटमध्ये घातली होती. तो प्रसंग काका हजर असताना काकू सविस्तर सांगतात, म्हणून इथे सोडून देतो.

नापास झालं ते ब्रेकरवर. नव्या यंत्राच्या अंगावर धातूची पट्टी असते, तिच्यावर लिहिलेलं असतं की या यंत्राला जास्तीत जास्त किती अँपिअरचा ब्रेकर चालेल. काकूंच्या पट्टीवर ४०. भिंतीतल्या पेटीत जुन्या यंत्राचाच ५० चा. नवी यंत्रं कमी वीज खातात, त्यामुळे आकडा उतरतो आणि ब्रेकर तसाच राहून जातो. म्हणजे यंत्रात काही बिनसलं तर वीज तोडायची तेव्हा ब्रेकर आरामात बसून राहणार. कॉन्ट्रॅक्टरनं पुढच्या दिवशी फुकटात बदलला, कारण पास झाल्याशिवाय काकूंनी शेवटचा चेक फाडला नव्हता.

माझं मत विचाराल तर, त्या सगळ्या खर्चात इन्स्पेक्टर हा एकच माणूस असा, ज्याला आपल्याला काही विकायचं नसतं. तो दहा मिनिटं येतो, चेहरा आंबट करतो, पण विक्रेत्याच्या बाजूचा नसतो. काकूंना हे मान्य नाही. त्यांच्या मते तो देखणाही होता.

"आता नवी पंचाईत गॅसची," मी म्हणालो. "२०२५ पासूनची नवी यंत्रं आर-३२ नाही तर आर-४५४बी वर."

"आर-३२ तं आमच्या नागपूरच्या दिराकडे कधीपासून आहे! इथे आत्ता येऊन राहिला आणि हे असे घाबरून राहिले जसं सिलिंडरच आणला घरात."

थोडासा ज्वलनशील आहे खरा, म्हणून बसवण्याचे नियम वेगळे आहेत. पण काकूंना अमेरिका मागे पडल्याचा आनंद झाला होता, तो मी मोडला नाही.

एचओएचा विषय निघायचा तो निघालाच. एचओए म्हणजे आपल्या सोसायटीच्या कमिटीची थोरली बहीण. तिची परवानगी वेगळी, काउंटीची वेगळी, एकीनं दुसरीचं भागत नाही. काकूंना तिची तीन पत्रं आली आहेत, तीनही भिंतीवर वाळत घातलेल्या कुरडयांवरून.

"मग कोपऱ्यावरच्याचं आता?"

"आता लायसन्सवाला आणून परमिट काढावं लागेल, जुनं काम उघडून दाखवावं लागेल. पाच टनी डक्टला बसणार नाही, म्हणजे यंत्रही जाईल नाही तर डक्ट तरी." काकू थांबल्या. भिंतीवरून माझ्या अंगणात, कोपऱ्यात घरघरणाऱ्या यंत्राकडे पाहिलं. "तुमचा आवाज जास्त नाही का करत?"

"जुना असेल. घराबरोबरच मिळाला."

"जुना? तो? त्याच्यावरचा रंग पाहा. आणि तुमच्या पत्त्यावर फर्नेसचं परमिट आहे, ते तुम्ही काढलेलं. त्याआधी घर बांधल्याचं, २००४ चं." काकूंनी स्टुलावरचा तोल सावरला. "मधे काहीच नाही भाऊ. मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. म्हटलं, नवीन माणूस, लगेच कशाला सांगा."

सव्वासहा झाले होते. मी बादलीवरून उतरलो. यंत्राच्या मागच्या बाजूला गुडघे टेकून धूळ पुसली. पट्टीवर अक्षरं बारीक, पण वाचता येत होती. जास्तीत जास्त ३५. मग घराच्या कडेला जाऊन ब्रेकरची पेटी उघडली.

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. "किती आहे हो?"

यंत्र जोरात चालू होतं. मला काही ऐकू आलं नाही.