बॉनेटपाशी अण्णा

वैभववाडीहून एडगाव ओलांडून करूळच्या नाक्यापाशी गाडी थांबवलीत आणि बॉनेट उघडलंत, की अण्णा येतात. कुठून येतात ते कुणालाच सांगता आलेलं नाही. बॉनेटची दांडी तुम्ही अजून खाचेत अडकवताय, तोवर डाव्या खांद्यामागून प्रश्न येतो, "गरम झाली?"

इंजिनातून वाफ निघत असते, खाली हिरवट पाण्याचं थारोळं साचत असतं, मालकाचा चेहरा पडलेला असतो. तरीही अण्णा विचारतात. आपण "हो" म्हटलं की ते मान हलवतात आणि म्हणतात, "माका वाटलाच."

अण्णा हे आमच्याकडचं नाव. फोंडा घाटाखाली त्यांना तात्या म्हणत असतील, आंबोलीत बाबल. घाट तिथे हा गृहस्थ असतोच. त्याच्या मालकीची गाडी नसते, हातात पाना नसतो, बोटाला ग्रीस लागलेलं कुणी पाहिलेलं नसतं. दोन्ही हात कंबरेमागे बांधून तो इंजिनाकडे वाकून बघतो. एवढं बघून नेमकं काय दिसतं, हे विचारायची सोय नसते.

आमच्या अण्णांची पात्रता मात्र जुनी आहे. मुंबईत त्यांनी काळी-पिवळी चालवली, आणि ती प्रीमियर पद्मिनी. त्यांच्या लेखी पद्मिनी ही गाड्यांची मूळ जात, बाकीच्या साऱ्या तिच्या बिघडलेल्या लेकी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी अण्णांनी कुणाच्याही बॉनेटमध्ये डोकं घातलं नाही. सुतक पाळलं. पुढे 2024 मध्ये करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद झाला आणि वाहतूक भुईबावडा, फोंडा अशी वळली, तेव्हा अण्णा भाकड बसतील असं आम्हाला वाटलं होतं. पण पोकलेनलाही रेडिएटर असतो, हा शोध त्यांना लवकरच लागला.

असे अण्णा, आणि त्यांच्यासमोर एके दिवशी सॅन स्टॉर्म येऊन उभी राहिली.

ही गाडी फार थोड्यांनी पाहिली असेल. शेजारच्या गोव्यात बनलेली, दोन आसनी, डोक्यावरचं छप्पर उघडणारी, अंग सगळं फायबरचं. 1990 च्या दशकाच्या शेवटी ती बाजारात आली. पोटात 1149 सीसीचं रेनोचं इंजिन, ताकद साठ घोड्यांच्या आसपास. आज त्या ताकदीला घरगुती गाडीत कुणी विचारत नाही. पण अंग हलकं, बसणं जमिनीलगत आणि तोंड असं की उभी असली तरी धावतेय वाटावं. रस्त्यावर फार थोड्या उतरल्या. म्हणून ज्याच्याकडे आहे तो तिला पोटच्या पोरासारखं जपतो. हा मालक कोल्हापूरचा तरुण. गाडी गोव्यातून उचलून घरी नेत होता आणि वर जायला त्याला करूळचाच घाट सापडला होता.

"काका, सुई लाल पट्टीवर गेल्या," तो म्हणाला.

अण्णांनी बॉनेटवर टकटक केलं. "ह्यां पत्र्याचा नाय मां?"

"न्हाई, फायबर हाय."

"देवगडाक ह्याच्यो होड्यो करतत," अण्णा म्हणाले. गाडीची किंमत ठरली. मग नजर आत गेली. "पंपार ओलो फडको घाल."

हा त्यांचा रामबाण. पद्मिनीच्या इंजिनालगतचा पेट्रोलपंप उन्हाळ्यात इतका तापायचा की पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी ढिम्म व्हायची; त्यावर ओलं फडकं हा खरोखरच इलाज होता. स्टॉर्मला तो पंपही नाही आणि कार्बोरेटरही नाही.

"काका, हे इंजेक्शनचं हाय."

"इंजेक्शन दिलाव तरी ताप उतरना नाय?"

पोरगा हसला नाही. त्याचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे चालला होता. आणि इथेच अण्णा कामाला आले. "हात काढ!" अशी आरोळी ठोकली की टपरीवरचा ग्लास हिंदकळला. बंद रेडिएटरात पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे शंभर अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. अण्णांनी यातलं काही सांगितलं नाही. आपल्या एका जोडीदाराची दादरच्या पुलावर भुवई कशी गेली ते सांगितलं. भुवई परत आली, पण पांढरी आली, हेही सांगितलं.

मला अण्णांची थट्टा करायला आवडतं, पण एक गोष्ट कबूल करावी लागते. तापलेल्या इंजिनावर पहिलं औषध एकच: बंद करून थांबणं. अर्धा तास, पाऊण तास. गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाण्याची भीती. तशीच दामटली तर हेड गॅस्केट उडतं, पाणी ऑइलमध्ये शिरतं आणि डिपस्टिकला चहाच्या रंगाचा फेस लागतो. म्हणजे काही न करणं हाच उपचार, आणि गाडीच्या मालकाला नेमकं तेच जमत नाही. त्याचे हात शिवशिवत असतात. अण्णा ते हात पाऊण तास बोलून अडवून धरतात. त्यांचं निदान चुकीचं असलं म्हणून बिघडत नाही. ते लांबलचक असतं, हे महत्त्वाचं.

त्या दिवशी निदानं क्रमानं आली. वॉटर पंप. पट्टा. रेडिएटरात खार धरला असेल, गोव्याचं पाणी. थर्मोस्टॅट काढून फेकून दे, आम्ही मुंबईत सगळे फेकत होतो. (फेकत होते हे खरं. त्यामुळे पावसाळ्यात इंजिन तापायचंच नाही आणि पेट्रोल जास्त जायचं, हे अण्णा सांगत नाहीत.) मग एकदम म्हणाले, "आणि वारो मागसून आसा." हे मात्र लाखाचं बोलले. दुपारी समुद्राकडचा वारा पश्चिमेकडून येतो, घाट पूर्वेला चढतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनावर पूर्ण भार, आणि वारा पाठीवर. जाळीतून आत जायला हवाच उरत नाही.

तेवढ्यात वैभववाडीहून फोनवर बोलावलेला मेकॅनिक पोरगा मोटारसायकलवरून आला. त्यानं एकच विचारलं, "कोकिसऱ्याच्या फाटकार थांबल्लास तेव्हा सुई वर गेल्ली?"

गेली होती. रेल्वे जाईपर्यंत इंजिन चालू ठेवून उभं राहावं लागलं होतं. फाटक उघडल्यावर गाडी पळाली, वारा लागला, सुई खाली आली. म्हणजे पंखा फिरत नव्हता. मोटर ठीक होती. तिला तापमान पाहून चालू करणारा स्विच पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाला होता. पोरानं दोन वायरी जोडून पंखा डायरेक्ट केला, इंजिन निवल्यावर पाणी भरलं, एअर काढली, पैसे घेतले आणि गेला. सगळं मिळून दहा-बारा वाक्यं बोलला असेल. अण्णांना तो पोरगा मुळीच आवडला नाही.

"तेच मी सांगी होतंय," ते टपरीवाल्याला म्हणाले, "वारो."

कोल्हापूरकराला मात्र अण्णांचा लळा लागला होता. "चला की काका वरपर्यंत. परत तापली तर कोन हाय मला?" अण्णांनी आढेवेढे घेतले, धोतर सावरलं आणि गुडघे हनुवटीला टेकवून त्या गाडीत बसले. छप्पर उघडंच होतं.

संध्याकाळी ते गगनबावड्याहून एसटीनं अर्ध्या तिकिटात खाली आले. केस उभे, डोळे लाल.

"तापली काय?" मी विचारलं.

"खंय तापता? पण आख्खो घाट मी बोललंय, न् वाऱ्यान त्या पोरग्याक येक अक्षर आयकाक गेला नाय."

"मग?"

"मगे काय. गगनबावड्याक थांबवलंय, बॉनेट उघडूक लावलंय, न् पयल्यापासून सांगलंय."