कॅमेरामनसाहेब, तुमचा हात जरासुद्धा थरथरला नाही!

रा. रा. कॅमेरामनसाहेब,
मुक्काम वेलिंग्टन, न्यूझीलंड, यांसी
सा. न. वि. वि.

'व्हॉट वी डू इन द शॅडोज' हा 2014 चा चित्रपट पाहिला. तायका वायटिटी आणि जेमेन क्लेमंट यांनी तो लिहिला, दिग्दर्शित केला आणि वर स्वतःच व्हॅम्पायर होऊन मिरवलेही. कौतुकाचे हार सगळे त्यांच्या गळ्यात पडले. तुम्ही मात्र गोष्टीत पहिल्यापासून हजर असूनही तुम्हाला कोणी विचारत नाही. म्हणून म्हटलं, निदान आरोपीच्या पिंजऱ्यात तरी पहिला मान तुमचा असावा. (श्रेयनामावलीतल्या खऱ्या छायाचित्रकारांनी हे अंगाला लावून घेऊ नये. मी बोलतोय तो गोष्टीतल्या माहितीपटवाल्यांशी.)

सुरुवातीलाच तुम्ही पाटी लावून सांगता की आमच्यातल्या प्रत्येकाच्या गळ्यात क्रूस होता आणि आम्हाला इजा न करण्याचं वचन मिळालं होतं. वा! चार व्हॅम्पायर भाड्याच्या घरात राहतात, दर रात्री माणसं गट्टम करतात, आणि तुम्ही आधी स्वतःच्या मानेचा बंदोबस्त करून मग दिवे लावता. बाकीच्यांच्या मानांचा विषय करारात आला नसावा.

ते जेवणाचं दृश्य आठवतंय? 379 वर्षांचा व्हियागो, भारी टापटिपीचा माणूस, एका बाईला घरी बोलावतो. ती बिचारी आपल्या पुढच्या बेतांविषयी बोलत असते आणि हा तिच्या पायाशी वर्तमानपत्रं अंथरतो. ती कशासाठी, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं: एक व्हियागो आणि दुसरे तुम्ही. एक खोकला पुरला असता हो! पण खोकल्याने ध्वनिमुद्रण बिघडतं. मग त्याचे दात चुकून मोठ्या रक्तवाहिनीत घुसले, कारंजं उडालं, वर्तमानपत्रं वाया गेली, आणि तुमची चौकट इंचभरही हलली नाही. लग्नात मुलगी सासरी निघताना हमसून रडत असते, तेव्हा 'ताई, जरा इकडे बघून रडा' म्हणणारा आमचा व्हिडिओवाला तुमच्यापेक्षा हळवा. तो निदान बोलतो तरी!

निकचंही तेच. जॅकी ही डीकन या व्हॅम्पायरची मोलकरीणवजा भक्त. रक्ताचे डाग पुसायचे, कपड्यांना इस्त्री करायची, आणि मोबदल्यात अमरत्वाचं तोंडी आश्वासन. तिने जुन्या प्रियकराला, म्हणजे या निकला, आणि शाळेत आपला अपमान केलेल्या एका बाईला जेवणाच्या नावाखाली पंगतीत वाढण्यासाठी आणून दिलं. निक जीव मुठीत धरून घरभर पळतो, आणि त्याच्यामागे कोण धावतं? व्हॅम्पायर, आणि व्हॅम्पायरच्या बरोबरीने तुम्ही. त्या धावपळीत दार उघडून द्यायला एक हात मोकळा असेलच ना?

तुमच्या घराण्याचा इतिहास मला ठाऊक आहे. 1992 च्या 'मॅन बाइट्स डॉग' या बेल्जियन चित्रपटातले तुमचे थोरले बंधू खुन्यामागे कॅमेरा घेऊन हिंडता हिंडता प्रेतं उचलायला हात लावू लागले. पुढे 1999 मध्ये 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'वाली मुलं जंगलात रडत राहिली, पण कॅमेरा काही खाली ठेवेनात. लाखभर डॉलरच्याही आत चित्रीकरण आणि चोवीस कोटींच्या वर कमाई! 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'चा खर्च तर पंधरा हजार डॉलर. तिथे कॅमेरा रात्रभर शय्यागृहात उभा. फाउंड फुटेजची, म्हणजे सापडलेल्या चित्रफितीचं सोंग घेणाऱ्या चित्रपटांची, स्वस्ताई अशी असते: जे दिसत नाही त्याला पैसे पडत नाहीत आणि जो चित्रित करतो त्याला 'पळत का नाहीस?' असं कोणी विचारत नाही.

तुमचा चित्रपट सुमारे सोळा लाख डॉलरचा, म्हणजे या खानदानात तुम्ही सावकारच. तरी त्या पैशात तुम्ही भुताला अंधारात दडवलं नाहीत. पाच वर्षं भांडी न घासल्याबद्दल डीकनला खडसावणारी घरातली बैठक तुम्ही लख्ख उजेडात दाखवलीत. तिथे मी हसलो. त्याच घरातल्या मुडद्यांवरही हसलो, आणि खरा राग आहे तो हाच. सुमारे सव्वाशे तासांच्या चित्रणातून दीड तासाहून कमी चित्रपट उरला, त्यात तुमचं एकदाही 'अहो, थांबा' ऐकू येत नाही. येतं तर मी हसलो नसतो, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं.

आता बचावाचं बोलू. तुम्ही म्हणाल, पोलिसांनी तरी काय केलं? पीटर नावाचा आठ हजार वर्षांचा वृद्ध व्हॅम्पायर तळघरात उन्हाने जळून मेला. (उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही युक्ती 1922 च्या 'नोस्फेराटू'ची. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या फिरतो. पीटरने चेहरा त्या मूकपटातून घेतला आणि मरणही तिथूनच घेतलं.) धूर झाला, पोलीस आले, घर धुंडाळलं, आणि धुराची सूचना देणारं यंत्र बसवा म्हणून बजावून गेले. पण त्यांच्यावर व्हियागोने संमोहन केलं होतं! तुमच्यावर कोणी केलं होतं? त्यांच्या हातात दंडुके आणि डोळ्यांवर पडदा. तुमच्या डोळ्यांसमोर सगळं स्वच्छ आणि हातात फोकस.

एक स्टू मात्र तुमच्या बाजूचा साक्षीदार. संगणकातला सरळमार्गी माणूस. सगळे व्हॅम्पायर ठरवून टाकतात की याला खायचं नाही. ती भूमिका करणारा गृहस्थ प्रत्यक्षातही संगणकातलाच. काम किरकोळ आहे असं सांगून त्याला आणलं होतं, आणि आपण पडद्यावर केवढे आहोत हे त्याला पहिल्या खेळाला बसल्यावर कळलं. इतक्या खोट्यात खरा माहितीपट झाला तो एवढाच, आणि तोही त्याला न सांगता!

शेवटी लांडगेमाणसांनी तुमच्यातल्या एकाला फाडलं. क्रूसाचा करार व्हॅम्पायरांशी होता. लांडग्यांना त्याची प्रत मिळाली नसावी. त्या सहकाऱ्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण चित्रफीत वाचली, कोणीतरी ती घरी नेली, बसून कापली, जोडली आणि विनोदाच्या जागा पक्क्या केल्या. तो 'कोणीतरी' कोण, ते उलट टपाली कळवावे.

आपला,
एक प्रेक्षक

ता. क. श्रेयनामावली संपल्यावर डीकन आमच्याकडे रोखून बघतो आणि पाहिलेलं सगळं विसरायला लावतो. माझ्यावर तो प्रयोग फसला. तुमच्यावर लागू पडला असेल, तर हे पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचा.