नुसते दगडं!

पुसेगाव म्हटलं की लोकांना साताऱ्याकडचं आठवतं, सेवागिरी महाराजांचं. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं. त्यांच्या रथावर नोटांच्या माळा चढतात, आमच्या एसटीत माणसं चढतात. दोन्हीकडे खाली लाकूड, लोखंड दिसत नाही.

इथून औंढ्याच्या डोंगरांकडे निघालो, तर फाट्यावरचे काका म्हणाले, "काय हाय तिथं पाहायला? नुसते दगडं!"

भूशास्त्राच्या दृष्टीने माहिती बिनचूक. अजिंठ्याच्या रांगेचे हे पूर्वेकडचे फाटे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून झालेला काळा बेसाल्ट. माथे सपाट, उतार पायऱ्यांचे. सुळके नाहीत, कडे नाहीत. ट्रेकिंगचे बूट घालून आलेला गडी घाम येण्याआधीच वर पोचतो आणि आता पुढं काय, म्हणून खाली बसतो.

खरी गंमत पाण्याची. दक्षिणेकडे पडलेला थेंब पूर्णेतून गोदावरीला मिळतो. उत्तरेकडे पडलेला कयाधू, पैनगंगा, वर्धा, प्राणहिता करत, थेट गाडी चुकलेल्या प्रवाशासारखा, शेवटी गोदावरीतच उतरतो.

पायथ्याशी औंढा नागनाथाचं हेमाडपंती देऊळ. पुजाऱ्यांनी नामदेवांना कीर्तनासाठी मागच्या बाजूला पिटाळलं, तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, अशी आख्यायिका. नंदी अजून मागेच बसलाय. त्याला कुणी कळवलं नसावं.

काकांचं मत पुढे शास्त्रज्ञांनाही पटलं. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या 'लायगो-इंडिया'ला गडबड नसलेली जमीन हवी होती, ती औंढ्याजवळ दुधाळ्याला सापडली. 2023 साली केंद्राने 2600 कोटी मंजूर केले. प्रत्येकी 4 किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल. जमिनीच्या शांत स्वभावाचं एवढं कौतुक झालं की तिला दृष्टच लागली: 2024 मध्ये जिल्ह्याला मार्चमध्ये आणि जुलैमध्ये 4.5 तीव्रतेचे धक्के बसले.

यायचं तर श्रावणात या. डोंगर हिरवे असतात. काळी माती मात्र बुटाला अशी धरते की चढताना जोड दोन पायांचा, उतरताना दोन एकरांचा. महाशिवरात्रीला आलात तर डोंगर सोडा, रांगच चढावी लागेल. उन्हाळ्यात टोपी, पाणी आणि जिद्द, तिन्ही घरूनच आणा. आणि महाबळेश्वरच्या सवयीने 'पॉइंट कुठंय?' विचारू नका. लोक अगत्यशील आहेत. मोबाइल चार्जिंगचा दाखवतील.