सातशे माणसं गेली कुठे?

वेल्ह्यात शनिवार-रविवारी राजगड-तोरण्याच्या वाटेला तरुणांची रीघ लागते. यातल्या पुष्कळांना ग्रीसमधल्या स्पार्टाचा राजा लिओनिडासही पाठ असतो. पुस्तकातून नव्हे, सिनेमातून.

‘थ्री हंड्रेड’ 2007 मध्ये झळकला. थर्मोपिलीची खिंड, इसवी सनपूर्व 480, उघड्या छातीचे तीनशे स्पार्टन. खरे स्पार्टन ब्राँझचं शिरस्त्राण आणि जाडजूड ढाल घेऊन लढत. कॅमेऱ्याला स्नायू हवे होते, चिलखत गेलं.

चिलखत गेलं तर जाऊ दे. माणसंही गेली.

शेवटच्या दिवशी थेस्पिया या लहानशा नगराचे सातशे जण स्पार्टनांसोबत थांबले आणि मेले, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. तीनशेंच्या दुपटीहून जास्त. सिनेमात त्यांचा पत्ता नाही.

कारण? पटकथेला एकच राजा परवडतो.

आता आपल्या खिंडीत या. 13 जुलै 1660, घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड. बाजीप्रभूंचं नाव पोराटोरांना ठाऊक आहे, असायलाच हवं. पण बाजीप्रभू भोरकडच्या हिरडस मावळातल्या बांदल देशमुखांचे कारभारी. खिंडीत पडले ते बांदलांचे मावळे. त्यातली किती नावं आपल्याला सांगता येतात?

शिवाजी महाराज विसरले नव्हते. दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान कारीच्या जेध्यांचा. तो त्यांनी बांदलांना दिला. जेध्यांच्या करीन्यात, म्हणजे घराण्याच्या हकिकतीत, तशी नोंद आहे.

राजाला जे कळलं, ते लेखकांना कळायला इतका उशीर का?

दाखवता येत नाही, असंही नाही. 2022 च्या ‘पावनखिंड’ने रायाजी बांदलांना ठसठशीत जागा दिली. प्रेक्षक उठून गेले नाहीत.

उलट 2020 चा ‘तान्हाजी’ पाहा. कोंढाण्यावरून राजगडावर रोखलेली अजस्र तोफ! दोन गडांत सरळ रेषेत सुमारे पंधरा किलोमीटर. सतराव्या शतकातली कुठली तोफ एवढा पल्ला मारत होती? 1665 च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, त्यात कोंढाणा होता. तो परत घ्यायला एवढं कारण कमी पडलं?

कल्पनेला मोकळीक हवीच, म्हणतात. हवी. नाटककार युरिपिडीसने हेलनला ट्रॉयला पाठवलंच नाही, इजिप्तमध्ये ठेवलं. ग्रीकांनी ते नाटक जपलं. देवकथा सगळ्यांची असते, ती प्रत्येकाने आपल्या परीने सांगावी.

पण थेस्पियाचे सातशे देव नव्हते. बांदलांचे मावळेही नव्हते.

ती शेतीवाडी, बायकापोरं असलेली माणसं होती. संवाद रचा, प्रसंग रंगवा, गाणी घाला. लढून मेलेल्यांना कथेतून वगळायचा हक्क मात्र कुठल्याही लेखकाला नाही.