व्हॉल्टेअर बरोबर, रांके चूक

सराव परीक्षेत आमच्या कन्येचा इतिहासाचा एक मार्क गेला. रिकामी जागा होती : आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण? तिने रांके लिहिलं. बाईंनी लाल फुली मारून शेजारी व्हॉल्टेअर लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. एका रेघेने व्हॉल्टेअर पक्का होत नसावा.

मी पुस्तक उघडलं. दहावीचा पहिलाच धडा, इतिहासलेखन : पाश्चात्त्य परंपरा. दोघेही गृहस्थ तिथे शेजारी शेजारी नांदताहेत. व्हॉल्टेअर म्हणतो, राजे आणि लढाया पुरे, लोकांचा व्यापार, शेती, चालीरीतीही बघा. जर्मनीचा रांके म्हणतो, ऐकीव गोष्टी सोडा, दप्तरात जा, मूळ कागद शोधा. रांकेलाच जनक मानणारे इतिहासकार जगात पुष्कळ आहेत. इतिहासात हे चालतं, एका विद्येला दोन बाप असले म्हणून कुणी कोर्टात जात नाही. पेपरात मात्र बाप एकच, आणि तोही एका मार्काचा.

गंमत पुढेच आहे. दिलेल्या चार पर्यायांत देकार्तही होता. निःसंशय सिद्ध होईपर्यंत काही खरं मानू नका, असं सांगणारा. तोही चूक. म्हणजे संशय घ्या म्हणणाऱ्याला शून्य, मूळ कागद बघा म्हणणाऱ्याला शून्य. मार्क कुणाला, तर पुस्तकातली ओळ जशीच्या तशी उतरवणाऱ्याला.

पुस्तकावर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. २०१८ पासूनचं हे दहावीचं पुस्तक खरंच चांगलं आहे. सनावळ्या बाजूला ठेवून इतिहास लिहितात कसा, तो खेळात, पर्यटनात, नाटक-सिनेमात कुठे कामाला येतो, असे धडे आहेत. आमच्या पिढीला असं पुस्तक मिळालं असतं तर तहाची कलमं पाठ करण्यात आमचं बालपण गेलं नसतं. घोडं अडलंय ते पेपरात. इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर चाळीस मार्कांचा, त्यातून राज्यशास्त्राचा वाटा काढला तर इतिहासाला तीससुद्धा उरत नाहीत. तेवढ्यात रिकाम्या जागा, चुकीची जोडी ओळखा, टीपा लिहा, कारणं द्या, शिवाय एक संकल्पनाचित्र. संकल्पनाचित्र म्हणजे रिकाम्या जागाच, फक्त चौकटीत बसवलेल्या.

पेपर तपासणारे एक स्नेही आहेत. त्यांना विचारलं, एखाद्या मुलाने पुस्तकात नसलेलं पण बरोबर उत्तर लिहिलं तर? ते म्हणाले, "अहो, आदर्श उत्तरपत्रिका हातात असते. मुद्दा दिसला की टिक, नाही दिसला की पुढचं पान. गठ्ठा संपवायचा असतो. नियामक पुन्हा बघतात, मग उगाच कोण शहाणपणा करणार?" शहाणपणा हा शब्द त्यांनी ज्या सहजपणे वापरला, त्यावरून तो दखलपात्र गुन्हा असावा असं मला वाटलं.

आमच्या घरात इतिहासाचे तीन साक्षीदार आहेत. कन्या, मी आणि आबा. शिवाजी महाराजांचा जन्म कधी, असं विचारलं की घरात दोन उत्तरं येतात. आबा १६२७ म्हणतात, कारण त्यांच्या शाळेत बखरींतली वैशाख शुद्ध द्वितीया शिकवली होती आणि त्यांना त्याचा पूर्ण मार्क मिळाला होता. कन्या १९ फेब्रुवारी १६३० म्हणते, तिलाही पूर्ण मार्क मिळतो. आबांनी आज तेच उत्तर लिहिलं तर नापास आणि नातीने तिचं उत्तर आबांच्या वर्गात लिहिलं असतं तर छडी.

या तीन वर्षांच्या फरकात खरा इतिहासाचा तास दडला आहे. टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सनावार नोंदी, उजेडात आणली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली. मग बखर खरी की शकावली खरी, यावर इतिहासकार वर्षानुवर्षं भांडले. शेवटी सरकारने १६३० मान्य केलं. तरी गावात तिथीची जयंती वेगळी आणि तारखेची वेगळी, दोन मिरवणुका निघतात त्या निघतातच. बखरीवर विश्वास का कमी आणि शकावलीवर का जास्त, एवढा एकच प्रश्न विचारा, अख्खा वर्ग तासभर जागा राहील. पण त्याची आदर्श उत्तरपत्रिका कोण काढणार? म्हणून आपण जन्मसाल विचारतो.

आठवीपर्यंत तर मार्कांचीही कटकट नव्हती, निदान २०२३ पर्यंत. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. नाव म्हणताना मूल्यमापन होऊन जातं. त्यात आकारिक, संकलित आणि वर्णनात्मक नोंदी असतात. कल्पना नामी : मुलाला काय येतं ते शिक्षकाने बघून शब्दांत लिहायचं. प्रत्यक्षात या नोंदी व्हॉट्सॲपवर पीडीएफमध्ये तयार मिळतात. सातवीत कन्येच्या नोंदीत होतं : "ऐतिहासिक वस्तूंचा संग्रह करतो." करतो! एक तर ती मुलगी आहे. दुसरं म्हणजे आमच्या घरात ऐतिहासिक वस्तू एकच, बंद पडलेल्या टीव्हीचा रिमोट, आणि तो आबांच्या उशाशी असतो. श्रेणी अ-२ होती. मी सही केली. सगळेच करतात.

दहावीला मग मार्क परत येतात, आणि त्यांच्याबरोबर शाळेच्या हातातले वीस. या विसांचा पराक्रम बघा. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे अंतर्गत गुण काढून घेतले, निकाल ७७.१० वर आला. आरडाओरडा झाला. २०२० ला गुण परत आले, निकाल ९५.३०. त्यातही त्या वर्षी करोनाने भूगोलाचा पेपरच झाला नाही, सरासरी काढून मार्क दिले. २०२१ ला परीक्षाच रद्द, निकाल ९९.९५. परीक्षा जितकी कमी तितकी प्रगती जास्त, हा आलेख कुठल्याही संकल्पनाचित्रात बसेल. उरलेल्या ०.०५ टक्क्यांना मात्र मला एकदा भेटायचंय.

एवढं करून इतिहास मोजायचा की नाही, तेही ऐच्छिक. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये सहा विषयांतले पाच धरतात. ज्याचं सामाजिक शास्त्र कच्चं, त्याच्या टक्केवारीतून ते हळूच बाहेर. हातातून निसटायची कला इतिहासाला आग्र्यापासून अवगत आहे म्हणा.

तर एक मार्क गेला म्हणून कन्या फुरंगटून बसली. आबांनी संधी साधली. "आमच्या वेळी इतिहासात मी वर्गात पहिला. गुरुजी पेपर सगळ्यांना वाचून दाखवायचे." हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतोय. सनासकट पाठ आहे.

कन्या उठली, माळ्यावर चढली. खडखडाट झाला, धूळ खाली आली, एक पत्र्याची ट्रंक उघडल्याचा आवाज आला. रांके दप्तरात गेला होता. अर्ध्या तासाने ती पिवळं पडलेलं प्रगतिपुस्तक घेऊन उतरली. इयत्ता नववी. इतिहास : शंभरपैकी अडतीस. शेरा : लक्ष नाही.

आबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "हे माझं नव्हे. बनावट आहे."

"बघू," म्हणून तिने ते दिव्याखाली धरलं. शाळेचा शिक्का बघितला, हेडमास्तरांची सही बघितली, शाईचा रंग बघितला. मग टेबलावरची आबांची किराणा सामानाची यादी उचलून शेजारी ठेवली. बराच वेळ काहीच बोलली नाही.

"आबा, कागद खरा आहे," ती म्हणाली. "फक्त ही पालकांची सही तुमच्या अक्षरात आहे."